दाब, नळी आणि खान्देश

युरोप-अमेरिकेत छापलेली अवजड यंत्रांची माहितीपुस्तकं चाळलीत तर त्यांत एक प्रकरण हमखास सापडतं. कडाक्याचा हिवाळा संपला, बर्फ वितळलं, आता यंत्र बाहेर काढण्याआधी हायड्रॉलिकचे होज पाईप कसे तपासायचे? जळगावात बसून हे वाचताना थोडं हसू येतं. आपला कडाक्याचा हिवाळा म्हणजे पारा ८-९ अंशांवर आला की पेटणाऱ्या शेकोट्या आणि शेतातली भरीत पार्टी. बर्फ आपण पाहतो तो उसाच्या रसात.

पण हसून झाल्यावर लक्षात येतं की ते प्रकरण निव्वळ थंडीबद्दल नाही, ते यंत्र बसून राहण्याबद्दल आहे. चालतं यंत्र घासून झिजतं. बसलेलं यंत्र गंज, ओल, उंदीर आणि विसराळूपणा यांनी झिजतं. तिकडे यंत्र हिवाळ्यात बसतं, आपल्याकडे पावसाळ्यात. काळ्या मातीत जून ते सप्टेंबर चाक घालायची सोय नसते. म्हणून यंत्रांच्या दृष्टीने खान्देशातला हिवाळा जूनमध्ये सुरू होतो आणि वसंत दसऱ्याला येतो. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं धुऊन-पुसून पुजतो, त्यामागे हा हिशेब असणारच असं मला वाटतं. पूजेच्या निमित्ताने का होईना, वर्षातून एकदा प्रत्येक अवजार हातात घेऊन नीट पाहिलं जातं.

आता थोडा इतिहास. (नातेवाईकांनो, कंटाळू नका, मामांची गोष्ट पुढे आहे!)

'हायड्रॉलिक' म्हटलं की आज डोळ्यांपुढे पिवळा जेसीबी येतो. पण खान्देशात हायड्रॉलिकचा दाब आधी आला तो कापूस दाबायला. माती खणायचं काम त्याच्याकडे फार नंतर आलं.

मूळ तत्त्व पास्कलचं, १७ व्या शतकातलं. बंद जागेतल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. १ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १० किलो भार टाकला, तर त्याच पाण्याला जोडलेला १०० चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या १००० किलो उचलेल. फुकट मात्र काही मिळत नाही. छोटा दट्ट्या १०० सेंटिमीटर खाली गेला की मोठा जेमतेम १ सेंटिमीटर वर येतो. हे तत्त्व वापरून १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने दाबयंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना छान होती, पण पाणी दट्ट्याच्या कडेने गळायचं. घट्ट बसवलं तर दट्ट्या हलेना, सैल बसवलं तर दाब राहीना. यावर तोडगा निघाला तो चामड्याच्या वाटीसारख्या वायसरचा. आतला दाब वाढला की त्या वाटीची कड आपोआप दट्ट्याला जास्त घट्ट चिकटते. याचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेला दिलं जातं. मला ही गोष्ट फार आवडते. एवढं मोठं लोखंडी धूड उभं होतं ते वीतभर चामड्याच्या भरवशावर.

खान्देशात याचा काय संबंध? सगळा संबंध कापसाचा.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. भाव कडाडले. मुंबई इलाख्यातल्या प्रत्येक कापूसपट्ट्यात पैसा वाहू लागला आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. त्याच दशकात रेल्वे खान्देशातून पुढे सरकत होती. १८६७ मध्ये ती भुसावळमार्गे थेट नागपूरला पोचली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत शेअरचा बाजार बुडाला आणि जळगावच्या पेठेलाही त्याची जबर झळ बसली. पण रेल्वे राहिली, कापूस राहिला आणि हळूहळू व्यापार पुन्हा सावरला. पुढे इंग्रजी गॅझेटियरांनी जळगावचं वर्णन केलं, त्यात कापसाच्या प्रेस आणि सूतगिरणी यांची आवर्जून नोंद आहे.

प्रेस का लागली? कापूस म्हणजे निम्मी हवा. पूर्वी तो डोकड्यांत पायांनी तुडवून भरायचे आणि बैलगाडीवर लादायचे. बैलाला वजन ओढायचं असतं, त्याला त्या हवेचं काही वाटत नाही. रेल्वेच्या डब्याला आणि जहाजाला मात्र जागेची किंमत असते. लिव्हरपूलपर्यंत हवा वाहून न्यायला कोण भाडं देईल? म्हणून कापूस जितका दाबून गाठ बांधाल तितकं भाडं कमी. शिवाय सैल कापसात पाणी मारणं, सरकी आणि माती मिसळणं सोपं. या भेसळीविरुद्ध मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदासुद्धा केला होता. वाफेच्या इंजिनावर पंप चालवून दाब तयार करणाऱ्या प्रेस आधी मुंबईत उभ्या राहिल्या आणि मग कापूस पिकतो त्या मुलखात येऊ लागल्या. जळगावचं जुनं गावठाण सोडून स्टेशनभोवती जे गाव वाढलं, त्याच्या मुळाशी वखारी, जिन आणि प्रेस होत्या.

आपल्या भाषेत आणि व्यवहारात त्या काळाच्या खुणा अजून आहेत. कापसाचा भाव आजही खंडीत बोलतात. खंडी म्हणजे ७८४ पौंड, साधारण ३५६ किलो. जुनी मुंबई गाठ त्याच्या बरोबर निम्मी, ३९२ पौंडांची. आजची गाठ १७० किलोची धरतात. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक टाकणं बंधनकारक केलं. म्हणजे ती गाठ जगात कुठेही उघडली तरी कुठल्या प्रेसमध्ये दाबली ते कळायला हवं. गाठीला नाव मिळालं. ती दाबणाऱ्या फिटरचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नाही. खान्देशच्या इतिहासात शेठजी आहेत, कलेक्टर आहेत, भावाचे आकडे आहेत. फिटर नाहीत.

म्हणून मामांबद्दल लिहायचं ठरवलं. आईचे चुलतभाऊ, आम्हा सगळ्या भाचरांचे आबामामा. जळगाव जिल्ह्यातल्या एका प्रेसमध्ये त्यांनी ३० वर्षांहून जास्त काळ फिटर म्हणून काढली. त्यांचं वर्ष आमच्या वर्षापेक्षा वेगळं चालायचं. गाठी बांधायचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यात आटपायचा. पुढचे तीन-चार महिने प्रेस बंद. मालकाच्या लेखी ती सुट्टी, पण मामांचं खरं काम तेव्हाच. मुख्य काळजी चामड्याच्या वायसरांची. दाब नाही, ओल नाही, की चामडं वाळून ताठ होतं आणि त्याला भेगा पडतात. मग दसऱ्याला प्रेस चालू केली की पहिल्याच गाठीला पाण्याची पिचकारी उडणार. म्हणून मामा गणपती झाले की वायसर काढून तेलात भिजत घालायचे, बोटांनी मळून मऊ करायचे, एकेकाची कड उजेडात धरून बघायचे. मामी म्हणायच्या, "पोळ्यांची कणीक मळताना कधी हात लावला नाही, पण चामडं मळतात बघा!"

मग लोखंडी नळ्या. सांध्यासांध्यावर कापडाने पुसायचं आणि कोरडी राख भुरभुरायची. दाब देऊन बघायचं की राख कुठे ओली होते. सांधा गळतो का हे हाताने चाचपायचं नाही, हा त्यांचा कडक नियम होता. अहिराणीत म्हणायचे, "पहिले डोया, मंग हात." आधी डोळा, मग हात. आम्ही पोरं हे वाक्य जेवताना ताटावर तुटून पडायच्या वेळी चिडवायला वापरायचो. त्याचा खरा अर्थ कळायला फार वर्षं गेली.

त्या जुन्या प्रेसची एक गोष्ट लक्षात घ्या. सगळ्या नळ्या लोखंडाच्या, भिंतीला आणि जमिनीला जखडलेल्या. प्रेस जिथे उभी तिथेच दाब. कापसाने बैलगाडीत बसून दाबाकडे यायचं, दाब कापसाकडे जाणार नाही. म्हणून तर प्रेसभोवती गाव वाढलं.

दाबाला पाय फुटले ते रबरी नळीमुळे. आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा खरा वळणबिंदू आहे, पण त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. नुसतं रबर मोठ्या दाबाला फुग्यासारखं फुगतं आणि फुटतं. त्यावर विणलेल्या धाग्याचं आणि नंतर पोलादी तारेच्या जाळीचं वेष्टण आलं. १९२० च्या दशकात मोटारींना हायड्रॉलिक ब्रेक आले (अमेरिकेतल्या ड्युसेनबर्गची गाडी १९२१ ची), तेव्हा हलत्या चाकापर्यंत दाब न्यायला वाकणारी नळी लागली. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांनी हे तंत्र आणखी पक्कं केलं. आणि महायुद्ध संपल्यावर हाच दाब मातीकडे वळला. त्याआधीची खणणारी यंत्रं तारेच्या दोरांवर आणि कप्प्यांवर चालायची. १९५१ मध्ये फ्रान्समधल्या पोक्लेन कंपनीने हायड्रॉलिकवर चालणारं खणणयंत्र बाजारात आणलं. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड याने १९४५ मध्ये एका गॅरेजात धंदा सुरू केला होता, त्याने १९५३ मध्ये पुढे लोडर आणि मागे खणणारा हात असलेलं यंत्र काढलं. त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी.

इथे जरा विषयांतर करतो. साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या कुठल्याही खणणयंत्राला आपण 'पोकलेन' म्हणतो, मग ते जपानी असो की कोरियन. ती फ्रेंच कंपनी केव्हाच दुसऱ्यांच्या हाती गेली. भारतात लार्सन अँड टुब्रोने तिच्याबरोबर यंत्रं बनवली, तेव्हा ते नाव इथे रुजलं. फ्रान्समध्ये आज खणणयंत्राला कुणी पोकलेन म्हणत असेल का ते माहीत नाही, पण पारोळ्याला किंवा साक्रीला कुणालाही विचारा! जेसीबी १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सबरोबर भारतात आली, आणि २०१९ मध्ये 'जेसीबी की खुदाई' बघायला जमणाऱ्या गर्दीची इंटरनेटभर थट्टा झाली. मला ती थट्टा पूर्ण पटली नाही. ज्या मुलखात माणसांनी १९७२ च्या दुष्काळात हाताने खडी फोडली आणि घमेल्याघमेल्याने माती उचलून पाझर तलाव बांधले, त्या मुलखातली माणसं एका बकेटमध्ये एवढी माती उचललेली बघायला थांबणारच. त्या थांबण्यात कुतूहल आहे आणि थोडी हळहळही आहे. ज्या कामावर एके काळी अख्खं गाव पोट भरायचं ते आता एक ऑपरेटर आणि एक हेल्पर करतात.

असो. नळीकडे परत येऊ. नळीमुळे दाब प्रेसच्या इमारतीतून बाहेर पडला आणि नाल्यात उतरला. याचं खान्देशातलं ठळक उदाहरण म्हणजे शिरपूर. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी, अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर, नाले रुंद आणि खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधायचं काम हाती घेतलं. तापीच्या खोऱ्यातल्या गाळाच्या प्रदेशात चिकणमातीचे जाड थर पावसाचं पाणी खाली जाऊ देत नाहीत. ते थर कापून पाणी खाली पोचवायचं, हा त्यामागचा विचार. त्यावर जलतज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. नाला सरसकट खोल करणं सगळ्याच भूगर्भाला मानवतं असं नाही. पण 'शिरपूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं, २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आलं, आणि गावोगाव यंत्रांना मागणी वाढली. हे कुदळ-फावड्याने आटोक्यात येणारं काम नव्हतं. पोकलेनचा हात लागला, आणि तो हात चालतो तारेची जाळी असलेल्या रबरी नळ्यांवर.

त्या नळ्यांत किती दाब असतो? मोठ्या यंत्रांत २५० बार आणि त्याहून जास्त. समजा ११० मिलिमीटर व्यासाचा जॅक आहे. त्याच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ झालं सुमारे ९५ चौरस सेंटिमीटर. २५० बारने त्याला गुणा. जवळजवळ २४ टन! आणि हे सगळं मनगटाएवढीही जाड नसलेल्या एका काळ्या नळीतून जातं.

आमच्या एका भाच्याने धुळ्याकडे दोन वर्षांपूर्वी जुना जेसीबी घेतला, कर्ज काढून. (नाव लिहीत नाही, घरचे ओळखतीलच.) गेल्या पावसाळ्यानंतर तो भेटला तेव्हा मी विचारलं, "काय रे, होज पाईप बघून घेतले का?" तर म्हणाला, "मामा, मशीन चालू आहे ना, मग कशाला खोलायचं? फुटला की बदलू. अर्ध्या तासात क्रिम्पिंग करून देतात." त्याचं गणित मला कळतं. महिन्याला हप्ता आहे, काम तासावर आहे, आणि हंगाम पाठीवर बसलेला आहे. तरीही मी त्याला बसवून आबामामांच्या प्रेसमधली एक गोष्ट सांगितली. ती इथेही लिहितो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आता अशी यंत्रं आहेत.

मामांच्या प्रेसमध्ये पुढे तेलावर चालणारे पंप आणि रबरी नळ्या आल्या. एकदा चालू दाबात एका नळीतून तेलाची बारीक धुई उडताना दिसली. एका तरुण हेल्परने कुठून येते ते बघायला बोट फिरवलं. बोटाला सुई टोचल्यासारखं झालं. रक्त नाही, फार दुखलंही नाही. त्याने हात पुसला आणि पाळी पूर्ण केली. रात्री बोट सुजलं, दुसऱ्या दिवशी हात. डॉक्टरला कुणी सांगितलंच नाही की तेल घुसलंय, काटा टोचल्याचं समजून मलम दिलं. शेवटी बोट गेलं. मामा ही गोष्ट सांगताना कधी आवाज चढवायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "टाचणीएवढं भोक होतं."

आज वैद्यकशास्त्र हे स्पष्ट सांगतं. सुईएवढ्या छिद्रातून एवढ्या दाबाने उडणारं तेल कातडी भेदून आत जातं, हातमोजाही त्याला अडवत नाही. बाहेरून फक्त ठिपका दिसतो, पण आत तेल स्नायूंच्या आवरणांतून पसरतं आणि पेशी मरू लागतात. ही तातडीची शस्त्रक्रिया आहे, आणि जितके तास जातील तितकी बोट किंवा हात गमावण्याची शक्यता वाढते. म्हणून ठिपका कितीही लहान असो, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जायचं आणि 'जास्त दाबाचं तेल आत घुसलंय' हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून. आबामामांची राख आणि हा पुठ्ठा, दोन्हीमागचं शहाणपण एकच.

तर खान्देशातल्या पावसाळ्यानंतर नळ्यांकडे काय बघायचं? ज्यांना यंत्राशी देणंघेणं नाही त्यांनीही वाचा, यात इतिहास आहेच.

सर्वांत आधी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि लिव्हर चारही दिशांना हलवून नळ्यांतला उरलेला दाब सोडायचा. यंत्र गार होऊ द्यायचं. मग चिखल धुवायचा, कारण वाळलेल्या काळ्या मातीखाली भेग दिसत नाही. नळीवर बारीक भेगा, फुगवटा, चपटेपणा, उघडी पडलेली तार काही आहे का ते बघायचं. तार दिसली की नळी संपली असं समजायचं, चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे स्वतःला फसवणं. पावसाची ओल वरच्या रबराच्या भेगेतून तारेच्या जाळीपर्यंत जाते आणि आतून गंज धरतो. बाहेरून नळी ठीक, आतून कुजलेली. टोकाला लोखंडी टोपी दाबून बसवलेली असते तिथे तेलाचा ओलावा आहे का ते वेगळं बघायचं. शेडमध्ये उभ्या यंत्राच्या नळ्या उंदीरही कुरतडतात, म्हणून सीटखाली आणि टाकीमागे टॉर्च मारायचा. (आणि साप नाही ना तेही बघायचं!)

दुसरं तेल. टाकीत दमट हवेचं पाणी साठतं, तेल ताकासारखं पांढुरकं दिसतं. तसं दिसलं तर बदलायचं. डब्यावर ४६ किंवा ६८ लिहिलेलं असतं, ते ४० अंश तापमानाला तेल किती दाट आहे ते सांगतं. आपल्या मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत कुठलं घालायचं ते यंत्राच्या पुस्तकात बघून ठरवायचं, शेजारच्याने घातलं म्हणून नाही. तेल ८० अंशांच्या वर तापत राहिलं की सील आणि नळीच्या आतलं रबर लवकर म्हातारं होतं. थंड मुलखात रबर काचेसारखं कडक होऊन तडकतं. रोहतांग आणि झोजीला खिंडींतला बर्फ दर वसंतात सीमा सडक संघटना यंत्रांनी कापते, तिथे ती भीती. आपल्याकडे ते भाजून कडक होतं. दोन्हीकडे शेवट भेगेतच.

तिसरं, नवी नळी बसवायची तर आधीच्याइतक्या किंवा जास्त दाबाची हवी. नळीवर छापलेली सरळ रेघ असते, ती केवळ कंपनीचं नाव सांगायला नाही. बसवल्यावर ती रेघ पिळलेली दिसली तर नळीला पीळ पडलाय, ती लवकर जाणार. लांबी थोडी सैल ठेवायची, कारण दाबाखाली नळी आखडते. कापल्यावर आत राहिलेला रबराचा-लोखंडाचा भुगा साफ केल्याशिवाय जोडायची नाही, नाहीतर तो थेट व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. त्याच छापील मजकुरात नळी कधी बनली तेही असतं. दुकानात वर्षानुवर्षं उन्हात टांगलेली 'नवी' नळी नवी नसते.

शेवटी इंजिन चालू करून थोडा वेळ तसंच ठेवायचं, मग एकेक जॅक सावकाश पूर्ण बाहेर-आत करायचा. तेवढ्यात कुठे ओलं होतंय का ते बघायचं. डोळ्यांनी. हात खिशात.

यातलं काहीही नवीन नाही, हे माझं म्हणणं आहे. चामड्याच्या जागी रबर आलं, पाण्याच्या जागी तेल, वाफेच्या जागी डिझेल. २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झालं आणि जिनिंग-प्रेसिंगचं आधुनिकीकरण झालं, तेव्हा आबामामांच्या पिढीच्या बऱ्याच प्रेस भंगारात गेल्या. पण हंगामाआधी बसून एकेक नळी उजेडात धरून बघायची शिस्त यंत्राबरोबर भंगारात जाण्याचं कारण नव्हतं. ती गेली, कारण ती शिकवायची जागा गेली. प्रेसमध्ये एका फिटरच्या हाताखाली चार पोरं असायची, ओरडा खात शिकायची. जेसीबी मात्र एकेकट्याचा. मालक कर्जात, ऑपरेटर रोजावर, हेल्पर सहा महिन्यांनी बदलणारा. कुणी कुणाला ओरडायचं? यंत्र गावोगाव पोचलं, पण फिटरजवळचं शहाणपण तेवढ्या वेगाने पोचलं नाही. त्याची किंमत कुणाच्या तरी बोटाने मोजली जाते, आणि तीही कुठल्या गॅझेटियरात येत नाही.

भाच्याने गोष्ट ऐकून घेतली. लगेच काही बोलला नाही. आठवड्याने त्याचा फोन आला की मागच्या हाताच्या दोन नळ्यांची तार उघडी निघाली, बदलल्या. आणि टूलबॉक्समध्ये एक पुठ्ठा ठेवलाय. "हेल्परला सांगितलं का?" मी विचारलं. "सांगितलं मामा. दोनदा."

आता एक विनंती. तुमच्या घरात, नात्यात कुणी जिनमध्ये, प्रेसमध्ये, खान्देश मिल किंवा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये फिटर, मिस्त्री, ऑइलमन असेल तर त्यांच्याशी बोला. कोणती अवजारं होती, त्यांना काय म्हणायचे, हंगामाआधी काय काय करायचे ते विचारून लिहून ठेवा. माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत. आबामामा २०११ मध्ये गेले, आणि वायसर नेमक्या कोणत्या तेलात भिजवायचे ते मी त्यांना विचारलंच नव्हतं. मामींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वास एरंडेलाचा यायचा बाबा, बाकी त्यांनाच ठाऊक."